वेळेची वेठ

माझे आजोबा गावचे येसकर होते. सातारा जिल्ह्यातील त्या लहानशा गावात महारकीची पाळी आमच्या घरावर आली की ते वर्षभर घरातल्या कोणालाही रात्र आपली म्हणता येत नसे, असे वडील सांगत. चावडीवरून हाक आली की उठावयाचे. पाटलाचा निरोप परगावी पोचवावयाचा, सरकारी अंमलदाराचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहावयाचे, मेलेले जनावर ओढावयाचे. आजोबा तापाने फणफणलेले असले तर आजीने जावे, आजीला जमत नसेल तर दहा वर्षांच्या पोराने जावे. पण घरातून कोणीतरी गेलेच पाहिजे. काम कोणते, किती आणि कोणत्या वेळेपर्यंत, हे कोठल्याही कागदावर लिहिलेले नव्हते. मोबदल्यादाखल इनाम जमिनीचा एक तुकडा आणि दारोदार फिरून गोळा केलेली शिळी भाकर. हाक मारणारा नेहमीच रागावलेला असे असेही नाही. कधी कधी तो अगदी गोड बोलत असे, असे वडील म्हणत. मात्र त्या गोड बोलण्याला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती.

ही हकिकत मी लहानपणापासून ऐकत आलो. परंतु तिचा नेमका अर्थ मला कळला तो इंग्लंडमधील एका विद्यापीठाच्या कार्यालयात, वयाची पन्नाशी उलटल्यावर; आणि तोही हाक मारणाऱ्याच्या जागी मी स्वतः उभा असताना. तो प्रसंग सांगितल्यावाचून पुढचे काही लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

रुग्णालयातील कामाबरोबर मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतो. आमच्या विभागाच्या कार्यालयात परीक्षांचे काम पाहणाऱ्या एक बाई होत्या. त्यांच्या करारात आठवड्याचे पस्तीस तास लिहिलेले होते. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. मी रुग्णालयातून मोकळा होत असे तो साधारणतः चारच्या पुढे. मग मी प्रश्नपत्रिका तपासत असे, दुरुस्त्या करीत असे, आणि पावणेपाचच्या सुमारास त्या बाईंकडे पाठवीत असे. सोबत दोन ओळी : ‘जमल्यास आजच पाहाल का? फक्त पंधरा मिनिटांचे काम आहे.’ त्या नेहमीच पाहत. शुक्रवारी संध्याकाळी पाठविलेले काम सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर तयार असे. मी मनापासून आभार मानीत असे. नाताळला चॉकलेटचा डबाही देत असे. आपण किती सभ्य वरिष्ठ आहोत, असे मला वाटे.

एके दिवशी त्यांच्या पतीच्या तपासणीसाठी त्यांना दोन तास लवकर जावयाचे होते. व्यवस्थापकाने सांगितले, वार्षिक रजेतून अर्धा दिवस घ्या. त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या नाहीत. केवळ दुपारी मी नसेन एवढे सांगावयास आल्या. मी सहज म्हणालो की, तुम्ही इतका जास्त वेळ थांबता, दोन तासांचे काय एवढे? तेव्हा त्यांनी खणातून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली. सहा महिन्यांच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, काम आणि काम सांगणाऱ्याची आद्याक्षरे. कोठे वीस मिनिटे, कोठे पाऊण तास, एका रविवारी साडेतीन तास. एकूण ५३ तास. त्यांपैकी बहुतेक नोंदींपुढे माझी आद्याक्षरे होती.

मी एकदाही हुकूम केला नव्हता. प्रत्येक वेळी विनंतीच केली होती. घरी परतताना गाडीत मला वडिलांचे ते वाक्य आठवले, हाक मारणाऱ्याच्या गोड बोलण्याविषयीचे.

सुज्ञ वाचकहो, येसकराची रात्र आणि इंग्लंडमधील पगारी नोकरीची संध्याकाळ एकाच तागडीत घालावी असे माझे म्हणणे नाही. आजोबांना गाव सोडता येत नव्हते. या बाईंना नोकरी सोडता येत होती. त्यांना पगार होता, रजा होती, पेन्शन होते, आणि त्यांच्या जातीमुळे ते काम त्यांच्या माथी आलेले नव्हते. तथापि नोकरी आणि वेठ यांच्यामध्ये जी एक रेघ आहे ती कशाने आखली जाते, याचा विचार आपल्याइतका दुसऱ्या कोणी करावयास हवा? माझ्या मते ती रेघ ठरलेल्या तासांनी आखली जाते. काम किती वाजता संपते हे ज्याला आधी ठाऊक असते, तो माणूस आपले श्रम विकतो. ज्याला ते ठाऊक नसते, त्याला हळूहळू स्वतःलाच द्यावे लागते.

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्राध्यापक आणि विद्यार्थी येतात. परंतु विद्यापीठ चालते ते प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, ग्रंथालयातील मदतनीस, प्रवेश आणि परीक्षा विभागांतील लिपिक, संगणक सांभाळणारे, वसतिगृहांचे पोर्टर, उपाहारगृहातील वाढपी आणि पहाटे पाचला वर्गखोल्या पुसणारे सफाई कामगार यांच्या जिवावर. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे येथे याच वर्गात आहेत. पती एखाद्या कंपनीत आणि पत्नी विद्यापीठाच्या कार्यालयात किंवा स्वयंपाकघरात, ही घरे आपल्या प्रत्येकाच्या परिचयाची आहेत. जयंतीच्या कार्यक्रमास सगळे आवरून झाल्यावर धावतपळत येणारी आणि ‘शेवटच्या क्षणी थांबवून घेतले हो’ म्हणणारी भगिनीही आपण पाहिली आहे. आपण तिला ताट वाढतो. ते थांबविणे करारात बसत होते काय, हे मात्र विचारीत नाही.

हे जादा तास कोठून येतात? विद्यापीठाचे वर्ष ठराविक चालीने फिरते. शरद ऋतूत शनिवारी भावी विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ खुले ठेवावयाचे असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी परीक्षा आणि पाठोपाठ निकाल असतात. जुलैत पदवीदान समारंभ, ऑगस्टच्या मध्यास शालान्त निकाल लागताच रिकाम्या जागा भरण्याची धांदल, आणि सप्टेंबरात नवे विद्यार्थी. यांपैकी एकही गोष्ट अचानक उद्भवणारी नाही. पदवीदान समारंभाची तारीख वर्षभर आधी छापलेली असते. तरीही त्या दिवशी थांबण्यास कोण लागेल हे त्याच दुपारी ठरते.

त्यात गेल्या काही वर्षांत तीन गोष्टींची भर पडली. २०१२ साली इंग्लंडमधील विद्यापीठांना वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा मिळाली, आणि विद्यार्थ्याकडे ग्राहक म्हणून पाहण्याची सवय लागली. ग्राहकाच्या पत्राला रात्रीही उत्तर गेले पाहिजे असे वाटू लागले. २०२० च्या महामारीत कार्यालय घरात आले आणि ते पुरते बाहेर गेलेच नाही. दिवाणखान्यातला संगणक आणि खिशातला फोन ही दोन्ही कार्यालयाचीच दारे झाली. आणि २०२४ पासून परदेशी विद्यार्थी घटल्यामुळे व खर्च वाढल्यामुळे अनेक विद्यापीठांनी नोकरकपात केली. एखाद्या कार्यालयातील पाचांपैकी दोन माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन जातात. त्यांना निरोपाचा केक कापला जातो. त्यांचे काम मात्र मागे राहते, आणि ते उरलेल्या तिघांच्या संध्याकाळात वाटून टाकले जाते. त्या वाटपाचा ठराव कोणत्याही सभेत होत नाही. ‘जमल्यास’ या एका शब्दावर ते होऊन जाते.

या देशाचा कायदा काय सांगतो ते आपण नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःचा करार शेवटपर्यंत वाचलेला असतो. १ ऑक्टोबर १९९८ पासून लागू झालेल्या कामाच्या वेळेच्या नियमांनुसार आठवड्याचे सरासरी ४८ तास ही कमाल मर्यादा आहे; ही सरासरी साधारणपणे १७ आठवड्यांवर काढतात. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती, सहा तासांहून अधिक काम असल्यास २० मिनिटांची सुट्टी, आणि वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा हे हक्क आहेत. ४८ तासांची मर्यादा सोडण्यास कामगार लेखी संमती देऊ शकतो. परंतु ती त्याने दिलीच पाहिजे असे नाही, न दिल्याबद्दल त्याला त्रास देता येत नाही, आणि दिलेली संमती सूचना देऊन परतही घेता येते. नोकरीच्या पहिल्या दिवशी दहा कागदांच्या गठ्ठ्यात हा एक कागद सरकवला जातो आणि आपली मुले न वाचता त्यावर सही करतात.

मात्र एक गोष्ट कायद्यात नाही, आणि ती अनेकांना ठाऊक नसते. जादा तासांचा वेगळा पगार मिळालाच पाहिजे असा सर्वसाधारण नियम ब्रिटनमध्ये नाही. तो करारात असेल तरच मिळतो. कायदा एवढेच पाहतो की, एकूण पगाराला एकूण तासांनी भागल्यावर येणारा दर किमान वेतनाखाली जाता कामा नये. म्हणजे किमान वेतनावर काम करणाऱ्या सफाई कामगाराला पाव तास फुकट थांबविणे हा कायद्याचा भंग आहे. पण त्याहून थोडा अधिक पगार असलेल्या लिपिकाला पन्नास तास फुकट थांबविणे कायद्यात बसू शकते. जादा काम करण्याची सक्तीही करारात तसे कलम असेल तरच करता येते. म्हणून अनेक करारांत एक निरुपद्रवी दिसणारे वाक्य असते, की कामाच्या गरजेनुसार वाजवी असे अधिक तास द्यावे लागतील. सगळा खेळ त्या ‘वाजवी’ या शब्दात आहे. वाजवी किती, हे मागणारा ठरवतो.

आणखी एक खाच आहे. बऱ्याच विद्यापीठांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यास जादा तासांचे पैसे किंवा बदली सुट्टी मिळते. एका श्रेणीच्या वर गेले की ही सवलत संपते. आपल्या एखाद्या मुलीला बढती मिळते, आपण पेढे वाटतो. वर्षभरानंतर ती हिशेब करते तेव्हा लक्षात येते की पगार वाढला तेवढेच तासही वाढले आहेत. बढती घेऊ नये असे मी म्हणत नाही. घेताना करार वाचावा असे म्हणतो.

कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांची स्थिती याहून बिकट असते. त्यांना काम सांगतो एक आणि पगार देतो दुसरा. तक्रार घेऊन गेले की दोघे एकमेकांकडे बोट दाखवितात. लंडनला पाहुणे आले की आपण त्यांना १० किंग हेन्रीज रोडवरील बाबासाहेबांचे घर दाखवतो आणि मग त्यांनी डी.एस्सी. मिळविली त्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दारात छायाचित्र काढतो. त्याच संस्थेतील कंत्राटी सफाई कामगारांनी २०१७ साली संप केला होता. संस्थेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना मिळते तसे आजारपणातील वेतन, तशी रजा आणि तसे पेन्शन आम्हालाही द्या, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षी त्यांना थेट सेवेत घेण्याचे संस्थेने मान्य केले. तेथून चालत जाण्याच्या अंतरावरील प्राच्यविद्या संस्थेत, म्हणजे ‘सोआस’मध्ये, असाच लढा अनेक वर्षे चालला आणि २०१८ मध्ये तेथील कंत्राटी कामगार थेट सेवेत आले. यांतले बहुतेक कामगार लॅटिन अमेरिकेतून व आफ्रिकेतून आलेले. अनेकांचे इंग्रजी तोडकेमोडके. आपण पदवीधर, इंग्रजी उत्तम जाणणारे. मात्र तोंड उघडण्याचा धीर त्यांनी दाखविला. पुढच्या वेळी त्या दारात छायाचित्र काढताना एवढे आठवावे.

आता एक इशारा, विशेषतः तरुण मुलांच्या पालकांसाठी. महाराष्ट्रातून शिष्यवृत्ती घेऊन किंवा कर्ज काढून येथे पदव्युत्तर शिक्षणास येणारी मुले विद्यापीठाच्याच ग्रंथालयात, उपाहारगृहात किंवा कार्यालयात काही तास काम करतात. विद्यार्थी व्हिसावर पदवी वा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यास सत्र चालू असताना आठवड्यास जास्तीत जास्त २० तास काम करता येते. येथे सरासरी चालत नाही. प्रत्येक आठवडा, सोमवार ते रविवार, स्वतंत्रपणे मोजला जातो. आणि बिनपगारी कामही त्यात धरले जाते. वीस तास झालेल्या मुलाला कोणी म्हणाले की आज माणूस आलेला नाही, दोन तास थांब, तर ती विनंती त्याच्या संध्याकाळपुरती राहत नाही. त्याचा व्हिसा धोक्यात येतो. मागणाऱ्याला हा नियम पुष्कळदा माहीत नसतो. मुलाला माहीत असतो, पण नोकरी जाईल म्हणून तो बोलत नाही. म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की, अशा वेळी ‘नाही’ म्हणणे हा उद्धटपणा नव्हे.

मी वैद्य आहे. तेव्हा शरीराविषयी दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य ठरते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ वा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, आणि हृदयाचा रक्तपुरवठा खुंटून मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आमच्या कार्यालयातील बाई ५५ तास काम करीत नव्हत्या, हे खरे. परंतु पहाटे विद्यापीठात आणि संध्याकाळी दुसरीकडे अशा दोन नोकऱ्या करणारा माणूस तेथवर सहज पोचतो. आणि अशी माणसे आपल्या विहारात आपल्या शेजारीच बसलेली असतात. आपण दक्षिण आशियाई लोक हृदयविकाराला मुळातच अधिक बळी पडतो, हे वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट तासांइतकीच महत्त्वाची आहे. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा अनेक दशके अभ्यास केला. ‘व्हाइटहॉल अभ्यास’ म्हणून तो ओळखला जातो. त्याची दुसरी फेरी १९८५ मध्ये सुरू झाली. ही सगळी मंडळी पगारी, कार्यालयात बसून काम करणारी. तरीही श्रेणी जितकी खालची तितका हृदयविकार अधिक, असे दिसून आले; आणि आपल्या कामावर आपला ताबा नसणे हे त्याचे एक महत्त्वाचे कारण ठरले. संध्याकाळ आपली आहे की नाही हे दुसऱ्याच्या लहरीवर अवलंबून असणे, याहून ताबा नसण्याचे दुसरे उदाहरण कोणते? माझ्याकडे येणारे अनेक रुग्ण झोप लागत नाही म्हणतात. खोदून विचारले तर कळते, उशाशी फोन आहे आणि त्यात साहेबांचा निरोप आहे.

यावर आपल्याच ज्येष्ठांकडून येणारा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. ‘आपण परक्या देशात आलो. दुप्पट कष्ट केले म्हणून येथवर पोचलो. घड्याळाकडे पाहून काम करणारा पुढे जात नाही. आणि डॉक्टरसाहेब, तुम्ही तरी कोठे वेळ पाहून घरी जाता?’ हा आक्षेप हलका नाही. आपल्या पिढीने खरोखरच अमर्याद कष्ट केले, आणि त्याविषयी मला आदर आहे. परंतु मी रुग्णालयात थांबतो तेव्हा समोर रक्तस्राव होणारा माणूस असतो; प्रश्नपत्रिकेला रक्तस्राव होत नाही. शिवाय माझ्या जादा वेळाचे श्रेय मला मिळते. माझ्या नावापुढे पद लागते, शोधनिबंधावर नाव छापले जाते. ज्या बाईंनी रविवारी साडेतीन तास बसून माझी प्रश्नपत्रिका नीट लावली, त्यांचे नाव कोठेही छापले गेले नाही. वैद्यकीय भाषेत सांगावयाचे तर तातडी ही तीव्र व्याधी असते; अचानक येते, धावपळ करावयास लावते आणि जाते. जी तातडी दर शुक्रवारी येते तिला जुनाट व्याधी म्हणतात, आणि तिच्यावर इलाज माणसाला थांबवून घेण्याचा नव्हे, कामाची आखणी बदलण्याचा आहे.

कष्टाविषयी बाबासाहेबांना कोण शिकवणार? संग्रहालयाच्या ग्रंथालयात दिवसच्या दिवस आणि घरी रात्र रात्र ते अभ्यास करीत. परंतु स्वतःसाठी केलेले श्रम आणि दुसऱ्याने लादलेले श्रम यांत त्यांनी कधीही गल्लत केली नाही. १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महाराने नेमके कोणते काम करावयाचे हे ठरलेले नाही, कोणत्याही खात्याचा माणूस त्याला केव्हाही बोलावतो, आणि तो नसेल तर घरातल्या इतरांना राबवून घेतले जाते, हेच त्यांचे गाऱ्हाणे होते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. मात्र व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचा पाठपुरावा केला, आणि १९४६ च्या त्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याची कमाल मर्यादा ५४ तासांवरून ४८ वर आली. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस बंदी केली. आणि १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणाऱ्या कायद्याने आजोबांची रात्र अखेर त्यांच्या हाती आली. तीस वर्षांच्या या वाटचालीचा धागा एकच आहे : माणसाच्या वेळेला लेखी मर्यादा असली पाहिजे.

सिगालोवाद सुत्तात मालकाची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ वाटून खावेत, आणि योग्य वेळी सुट्टी द्यावी. सेवकाने मालकाच्या आधी उठावे आणि नंतर निजावे, असेही तेथेच सांगितले आहे, हे मी लपवीत नाही. परंतु क्रम पाहावा : आधी मालकाची पाच कर्तव्ये येतात, मग सेवकाची. आपल्यापैकी जे आज वरच्या खुर्चीवर बसले आहेत त्यांनी दुसरा भाग सांगण्यापूर्वी पहिला पाळावा.

कारण या लेखाचा रोख मुख्यतः आपल्याकडेच आहे. आपल्यातून आज डॉक्टर, प्राध्यापक, विभागप्रमुख आणि व्यवस्थापक झाले आहेत. आपल्या हाताखाली माणसे आहेत. ती गोरी असोत, काळी असोत, आपली असोत. आपण त्यांना कशी हाक मारतो, यावरून आपण काय शिकलो ते ठरेल. वरून आलेली विनंती ही खाली पोचेपर्यंत हुकूम झालेली असते, हे ध्यानात ठेवावे. खरोखरच जादा वेळ लागणार असेल तर आधी कळवावे, पैसे की बदली सुट्टी ते लिहून द्यावे, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या अहवालात त्या ‘नाही’ची सावली पडू देऊ नये. एवढे करता येत नसेल तर ते काम उद्यावर ढकलावे.

आणि ज्यांना थांबविले जाते त्यांनी आपला करार एकदा संपूर्ण वाचावा. एक वही ठेवावी. तारीख, वेळ, काम आणि सांगणारा यांची नोंद करावी. पाच-दहा मिनिटांची नोंद लिहिताना लाज वाटू देऊ नये. युनिसन, युनाइट, जीएमबी यांसारख्या संघटनांपैकी एकीचे सभासद व्हावे. एकट्याने बोलणे कठीण, पाचांनी बोलणे सोपे. नोकरीविषयक हक्कांबाबत ‘एकॅस’ ही संस्था फोनवरून मोफत सल्ला देते. आणि आपल्या असोसिएशनने वार्षिक कार्यक्रमाच्या दिवशी जेवणानंतरचा एक तास करार वाचून दाखविण्यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. भाषणे थोडी कमी झाली तरी चालतील.

त्या ५३ तासांचे काय झाले, असे वाचक विचारतील. ती वही घेऊन मी विभागप्रमुखांकडे गेलो. बरीच खळखळ झाली, नियम दाखविले गेले. अखेरीस त्यांपैकी ३० तासांची बदली सुट्टी मंजूर झाली, आणि त्या बाईंनी ती पतीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी घेतली. उरलेल्या २३ तासांसाठी कोणत्याही नियमात जागा सापडली नाही. पुढे त्या निवृत्त झाल्या. ते २३ तास मी अजून त्यांचे देणे लागतो. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी तीननंतर मी कार्यालयाकडे एकही काम पाठवीत नाही. लिहून झाले तरी सोमवारपर्यंत माझ्याकडेच ठेवतो. परीक्षा आजवर एकदाही लांबलेली नाही.